हळदीसाठी वीस दुपट्टे घरीच नैसर्गिक रंगात रंगवायचेत, सुती मलमल आहे, रंग टिकेल का?

चारकोपची_सई

नमस्कार मंडळी. भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे. हळदीला आम्ही बहिणी, वहिन्या, आत्या, मावश्या धरून वीसेक जणींनी पिवळे दुपट्टे घ्यायचे असं ठरलंय. बाजारात बघितले तर सगळे पॉलिस्टरचे, चकाकणारे, आणि आपल्याकडे तेव्हाही घामाच्या धारा असतातच, म्हणून म्हटलं मंगळदास मार्केटमधून पांढरी मलमल आणू, अडीच-अडीच मीटरचे तुकडे करू, पिको करून घेऊ आणि घरीच झाडापानांच्या रंगात रंगवू. कापड आणलंय, बाकी सगळं बाकी आहे.

अडचणी अशा की घर वन आरके, बाल्कनी म्हणजे खिडकीची ग्रिल, आणि आईने आधीच बजावलंय की स्वयंपाकाच्या पातेल्यांना हात लावलास तर बघ. इन्स्टावरची रील्स बघितली तर हळद, बीट, पालक काय ते उकळायचं, मीठ नि व्हिनेगर टाकायचं, झालं. पण चुलत बहीण म्हणते पहिल्याच धुण्यात सगळं वाहून जाईल.

तर कुठला पिवळा खरंच टिकतो? हळदीचा कार्यक्रम म्हणून हळदच वापरावी असं मनात होतं. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो का? चार दुपट्टे गुलाबी हवेत, त्याला बीट चालेल? आणि सामान मुंबईत कुठे मिळेल, ऑनलाइन पावडरींच्या किमती बघून डोळे पांढरे झाले.

खमंग_थालीपीठ

अगं एवढं काय त्यात, मी गेल्या वर्षी कांद्याच्या सालांत कुर्ते रंगवलेत, मीठ-व्हिनेगर घालूनच, मस्त सोनेरी-तांबूस आलाय आणि अजून घालते. सालं फुकट मिळतात, कांदेबटाटेवाल्याच्या गोणीत तळाला ढीग असतो, सांगून ठेवलं की पिशवी भरून देतो. बीट पण कर, गुलाबी गोड दिसतो. उगाच कोणी केमिस्ट्री शिकवायला आलं तर घाबरू नकोस.

गोधडीवाली

केमिस्ट्री शिकवायला आलेय :)

सई, बीटाचं नाव पण काढू नकोस. बीटाचा गुलाबी पातेल्यात जितका सुंदर तितकाच पळपुटा, उन्हाने जातो, साबणाने जातो, नुसता कपाटात ठेवला तरी मळकट बदामी होत जातो. पालकाचंही तेच, तो हिरवा उकळतानाच तुझ्या डोळ्यांदेखत करपट होतो. हळदीची गोष्ट वेगळी. हळद सुताला काहीही न लावता धरते, स्वयंपाकघरातलं कुठलंही पुसणं त्याला साक्षी आहे, पण उन्हासमोर अजिबात उभी राहत नाही. दुपट्टा खिडकीत वाळत राहिला तर घडीच्या आत पिवळा आणि बाहेर फिका, आणि साबण लागला की लाल डाग पडतात ते वेगळंच, हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार. एका संध्याकाळपुरतं हवं असेल तर हळद कर आणि मोकळी हो. नंतर कुर्त्यावर घ्यायचे असतील तर नको.

टिकणारे पिवळे म्हणजे झेंडू, डाळिंबाची सालं, कांद्याची सालं. तुझं नशीब असं की मध्ये दसरा येतोय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगच्या दारावरची तोरणं निर्माल्यात जायच्या आधी गोळा कर, वॉचमनला सांगून ठेव, दादरच्या फूलबाजारातून विकत आणायची गरजच नाही. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, रात्रीत बुरशी धरते. पाकळ्या उपटून पेपरवर पंख्याखाली सुकव. हिरवा देठ जितका कमी तितका पिवळा स्वच्छ. सुकलेल्या पाकळ्या कापडाच्या वजनाइतक्या लागतात, ताज्या असतील तर तीन-चार पट. डाळिंबाची सालं ज्यूसवाला देतो, त्यांचा रंग मोहरीकडे झुकणारा पिवळा.

पण रंग कुठल्या झाडाचा हे नंतर बघ. खरं काम कापड रंगात जायच्या आधी असतं आणि रील्समध्ये नेमकं तेच कापून टाकलेलं असतं.

सगळ्यात आधी कापडाची खळ काढायची. मंगळदासची मलमल दिसते पांढरी पण तिच्यात खळ असते, मेण असतं, काय काय असतं. रात्रभर भिजत घाल, मग धुण्याचा सोडा, खायचा नव्हे, किलो कापडाला वीस ग्रॅमच्या आसपास आणि थोडा साबण घालून तासभर उकळ. पाणी असं पिवळट-तपकिरी निघतं की स्वच्छ कापडातून हे आलं यावर विश्वास बसत नाही. नंतर पाण्याचा थेंब टाकून बघायचा, लगेच शोषला गेला तर ठीक, वर बसून राहिला तर परत उकळायचं. इथे कंटाळा केला की पुढे ढगाढगांचे डाग आलेच.

मग हिरडा. हो, आपला त्रिफळातला हिरडा. किलोला 150 ते 200 ग्रॅम पूड, गरम पाण्यात भिजवून गाळून घ्यायची, त्यात कापड रात्रभर. बाहेर काढून पिळायचं, धुवायचं नाही, वाळवायचं. फिकट पिवळं दिसेल. त्यानंतर तुरटी, तीही 150 ते 200 ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून त्यात 20-25 ग्रॅम धुण्याचा सोडा अगदी थोडा थोडा टाकायचा, जोरात फेस येतो म्हणून भांडं मोठं घे, फेस बसला की कापड आत, पुन्हा रात्रभर. कारण असं की तुरटीतल्या ॲल्युमिनियमला एका बाजूने धागा धरायचा असतो आणि दुसऱ्या बाजूने रंग. रेशीम आणि लोकर त्याला सरळ धरतात, सुताला ते जमत नाही, म्हणून मध्ये हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, लागतं. सुतावर हिरडा वगळून नुसती तुरटी दिली की अर्धी तुरटी पहिल्या पाण्यातच निघून जाते आणि मग लोक म्हणतात नैसर्गिक रंग टिकतच नाहीत.

गुलाबीला मंजिष्ठा. मुळाचे तुकडे मिळतात, रात्रभर भिजत घालून वाटून घे, कापडाच्या निम्म्या ते सारख्या वजनाची. पाणी उकळू द्यायचं नाही, हात लावता येणार नाही इतपत गरम, 60-70 डिग्री, त्याच्या वर गेलं की विटकरी-तपकिरी होतो. आणि गुलाबीच्या चार दुपट्ट्यांना हिरडा नको, हिरड्याचा पिवळेपणा खाली राहतो आणि रंग नारिंगी होतो. त्याऐवजी मायफळ घे, बाळगुटीत उगाळतो ते, त्याचं टॅनिन जवळजवळ बिनरंगाचं.

हिरडा, मायफळ, मंजिष्ठा सगळं काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. क्रॉफर्ड मार्केटच्या मागून मस्जिद बंदरकडे जाताना विचारत जा, किलोत घेतलंस तर ऑनलाइनच्या मानाने किरकोळ. तुरटी किराणावाल्याकडे. भांडं स्टीलचंच, भंगारवाल्याकडून जुनं मोठं पातेलं वजनावर घे, आईशी भांडण टळेल. जर्मनचं नको, लोखंडाचं तर मुळीच नको.

चारकोपची_सई

बापरे केवढं लिहिलंत, थँक्यू ताई!! बाळगुटीचं मायफळ घरात आहे, भाचीचं, पण ते वापरलं तर वहिनी माझीच गुटी उगाळेल.

पण थालीपीठताईंचे कुर्ते टिकलेत त्याचं काय मग?

खमंग_थालीपीठ

तेच ना. माझ्या डोळ्यासमोर आहेत कुर्ते.

रंगखात्यातला_मास्तर

मी परळच्या गिरणीत रंगखात्यात होतो, लॅबमध्ये, 82 चा संप होईपर्यंत. सगळा जन्म केमिकल रंगांत गेला त्यामुळे नॅचरल म्हटलं की माझ्या कपाळावर आठी चढते, पण गोधडीवाली ताईंनी दिलेली रीत खणखणीत आहे म्हणून लिहायला बसलो.

कुर्ते टिकले कारण कांद्याचं साल आहे. त्यात रंगासोबत टॅनिनही असतं, स्वतःचं स्वतः बऱ्यापैकी धरतं. मीठ-व्हिनेगरचं त्यात काडीचं श्रेय नाही. हे मीठ-व्हिनेगर प्रकरण कुठून आलं तर आमच्याच धंद्यातून. सुताला डायरेक्ट किंवा रिॲक्टिव्ह रंग देताना मीठ लागतंच, भरपूर लागतं, ते रंगाला पाण्यातून धाग्यावर ढकलतं. आणि रेशीम-लोकरीच्या ॲसिड रंगांना आंबटपणा लागतो म्हणून व्हिनेगर. दोन्ही खरं, पण दोन्ही दुसऱ्याच रंगांसाठी. कोणीतरी दोन्ही उचलून हळद-बीटाला लावलं आणि ते जगभर फिरतंय. झेंडूच्या पाण्यात मीठ टाकून पाणी खारट होईल, बाकी काही नाही.

आता वीस दुपट्ट्यांचं. एक दुपट्टा मलमलचा दीड-पावणेदोनशे ग्रॅम भरेल, म्हणजे वीस म्हणजे तीन-साडेतीन किलो माल. कापड मोकळं फिरायचं तर किलोला निदान वीस लिटर पाणी. घरात पंचवीस लिटरच्या पुढचं भांडं गॅसवर चढत नाही, चढलं तर उतरवताना कंबर जाते. म्हणजे एका वेळी पाच-सहा दुपट्टे, एकूण तीन-चार लॉट. आणि लॉट म्हटला की शेड बदलली. गिरणीत मशीनवर, तोलून मापून, लॅबचा कागद हातात असताना लॉटला लॉट जुळवताना मास्तरांच्या तोंडाला फेस यायचा, तुमच्या पातेल्यात आपोआप जुळेल ही आशा सोडा.

त्यातल्या त्यात उपाय असा. सगळी फुलं आधीच उकळून सगळं रंगपाणी एका मोठ्या पिंपात एकत्र करा, ढवळा, मग मापाने समान वाटून घ्या. हिरडा (गुलाबीचे चार सोडून) आणि तुरटीही सगळ्या कापडाला एकदमच द्या, ते गार पाण्यात चालतं त्यामुळे प्लॅस्टिकच्या पिंपात होतं, गॅस लागत नाही. राहिला फक्त शेवटचा रंग लॉटमध्ये. वेळ घड्याळ लावून सारखी ठेवा आणि कापड सतत वरखाली करा. दुपट्टा आत टाकून सिरियल बघायला गेलात की घडीचे पट्टे पडलेच.

आणि पिकोचं ऐका. पिको रंगवून झाल्यावर करा. पिकोचा दोरा बहुतेक पॉलिस्टर असतो, तो हिरड्यालाही धरत नाही आणि झेंडूलाही धरत नाही, पिवळ्या दुपट्ट्याला पांढरीफेक कड राहील.

गोधडीवाली

मास्तर काका, पिंपाची आयडिया मस्तच. मला एक विचारायचंय, तुरटीनंतर खडूच्या पाण्यातून काढावं असं काही जण म्हणतात, मी काढते, फरकही दिसतो, पण कारण कोणी नीट सांगत नाही.

रंगखात्यातला_मास्तर

कारण तुरटीचं पाणी आंबट असतं. सगळी तुरटी धाग्यावर घट्ट बसलेली नसते, सैल राहिलेली असते, ती रंगाच्या पाण्यात सुटते आणि तिथेच रंगाला धरून तळाला गाळ होऊन बसते. म्हणजे तुमचा रंग पातेल्याच्या बुडाला. खडूने आंबटपणा मरतो आणि तुरटी जागच्या जागी बसते, सैल ती धुऊन जाते. पूर्वी हे काम शेणाच्या पाण्याने करायचे. हसू नका, आपल्याकडेच नाही, विलायतेतल्या कापड छपाईच्या कारखान्यांत शेणाचे हौद असायचे, त्या पायरीला डंगिंगच म्हणत. आता बादलीभर कोमट पाण्यात मूठभर खडूची पूड, दहा मिनिटं, पुरे.

अवांतर करतो, म्हातारा माणूस आहे, चालवून घ्या. 1856 मध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा लंडनला डांबरापासून क्विनाइन करायला गेला आणि हाताला जांभळा रंग लागला. तिथून आमचा धंदा सुरू. 1869 ला मंजिष्ठेच्या विलायती भावंडाचा, मॅडरचा, लाल, अलिझरीन, कारखान्यात करायची युक्ती पेटंट झाली आणि युरोपातली मॅडरची शेतं काही वर्षांत मोडली. 1897 ला जर्मनांनी निळही बाजारात आणली. त्यामुळे कोणी मला नैसर्गिक रंग किती महान होते सांगायला लागलं की मी विचारतो, एवढे महान होते तर चाळीस वर्षांत का उठले? रंग चांगले होते हो, पण वेळ फार खात होते. तुम्हाला नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे म्हणून तुम्ही करा.

घोडबंदरचा_टँकर

दोन मिनिटं पाण्यावर बोलू का, कारण वर कोणीच बोललं नाही. मुंबईत नळाला येतं ते भातसा, वैतरणा, तानसाचं धरणाचं पाणी, मऊ असतं, पिवळ्या रंगाला एकदम उत्तम. पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं मिसळत असेल तर सांभाळून. त्यात लोखंड असलं की हिरड्याला लागताच कापड करडं पडतं आणि मग त्यावर कितीही झेंडू ओता, शेवाळी छटा जाणार नाही. आमच्याकडे घोडबंदरला उन्हाळाभर टँकर, त्यामुळे बायको पिण्याच्या नळाचंच पाणी साठवून वापरते.

तपासायला सोपं आहे, काचेच्या ग्लासात पाणी घे, चिमूटभर हिरडा पूड टाक, तासाभराने बघ. पिवळट राहिलं तर ठीक, निळसर-काळपट झालं तर ते पाणी नको.

कच्छमधल्या अजरखवाल्या, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या, खत्री लोकांचं माहीत असेलच, 2001 च्या भूकंपानंतर त्यांच्या धमडका गावच्या पाण्यात लोखंड वाढलं, रंग बिघडायला लागले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी भुजजवळ नवीन गावच वसवलं, अजरखपूर. पाण्यासाठी गाव हललं. आपण निदान नळ बघू.

चारकोपची_सई

ग्लासवाली टेस्ट लगेच केली, पिवळंच आहे, हुश्श.

आता अजून एक फर्माईश आलीय. मेंदीच्या कार्यक्रमाला मेंदीसारखे हिरवे पण चार-पाच होतील का असं आत्या विचारतेय. नाही म्हणू का?

गोधडीवाली

आत्याला हो म्हण, फक्त पोपटी मागू नकोस म्हणावं. डाळिंबाच्या सालात रंगवलेला दुपट्टा लोखंडाच्या पाण्यातून नुसता बुडवून काढला की शेवाळी-मेंदी हिरवा येतो, बघता बघता बदलतो, सगळ्यात मजा ह्याच पायरीला. लोखंडाचं पाणी घरी होतं, गंजलेले खिळे नि गूळ पाण्यात घालून झाकण सैल ठेवून पंधरा-वीस दिवस उन्हात. अजरखवाले काळ्या रंगासाठी हेच करतात, ते त्यात बेसनही घालतात. वास येतो, आधीच सांगते. वास नको असेल तर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, विकत घे, किलो कापडाला वीसेक ग्रॅम पुरतं.

रंगखात्यातला_मास्तर

वीसच्या वर नको. लोखंड जास्त झालं की सूत कुजतं. जुन्या छापील कापडांवर काळ्या रेघा असतात तिथेच कापड फाटलेलं दिसतं, बाकी धड असतं, ते लोखंडामुळे. आणि त्या भांड्यात, त्या बादलीत, त्या चमच्याने नंतर पिवळा करू नका, थेंबभर उरलं तरी पुरतं.

मोरचूदही हिरव्यासाठी सुचवतील लोक. घेऊ नका. तांबं आहे, विषारी, वन आरकेमध्ये जिथे खाली भाजी चिरता तिथे नकोच, आणि ते पाणी मोरीत सोडणं म्हणजे पुढे खाडीतल्या माशांच्या पोटात. लाल क्रिस्टलचं बायक्रोमेट तर हातात सुद्धा धरू नका. नैसर्गिक रंगाच्या नावाखाली हेही चालतं काही ठिकाणी. तुरटी आणि किंचित लोखंड, यापुढे जायची तुम्हाला गरज नाही.

निळीचं_मडकं

हिरवा म्हटल्यावर मी कसा गप्प बसू. खरा पानासारखा हिरवा हवा तर आधी निळ आणि वरून पिवळा, दुसरा रस्ता नाही. निळ म्हणजे कपड्याला पांढरेपणासाठी टाकतो ती नव्हे, खऱ्या निळीच्या झाडाची, तामिळनाडूतून येते, महाग आहे पण थोडी लागते. निळ एक भाग, विझवलेला चुना दोन भाग, फ्रुक्टोज (फळांतली साखर) तीन भाग, कोमट पाण्यात, मी गूळ घालतो आणि जरा जास्तच घालतो. काही तासांत पाणी हिरवट-पिवळं होतं आणि वर तांब्यासारखी साय धरते, तेव्हा तयार. कापड आत असताना हिरवट, बाहेर हवेत काढलं की निळं. हिरडा नको, तुरटी नको. हे सगळं नंतर पिवळ्याच्या वेळी.

चुना आहे, हातमोजे घालच. ग्रिलमध्ये मडकं ठेवलंस तर खालच्या मजल्यावरच्यांच्या पांढऱ्या शर्टाची जबाबदारी तुझी. आमच्या इथे सेक्रेटरीने त्यावरून नोटीस लावली होती, नाव न घालता, पण अख्ख्या विंगला कळलं कोण ते.

रंगखात्यातला_मास्तर

लग्नघरात पहिल्यांदाच निळ लावायला सांगू नका हो तिला. लोखंडाने होतंय तेवढं पुरे.

निळीचं_मडकं

काका रागावले :) बरं, सई, लग्न झाल्यावर कर.

वेसावची_नात

धागा वाचताना आजोबांची आठवण झाली म्हणून थोडं अवांतर. नायलॉन यायच्या आधी जाळी सुताची नि तागाची असायची आणि ती समुद्रात कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढायचे. लालसर-तपकिरी रंग चढायचा. आजी सांगायची की त्या दिवशी सगळ्या कोळीवाड्यात वास, आणि पुरुषांचे हात आठवडाभर तपकिरी. शोभेसाठी कोणी करत नव्हतं, जाळं जास्त दिवस टिकावं म्हणून. वर टॅनिन टॅनिन वाचलं तेव्हा लिंक लागली.

ऐन आता मुंबईत कुठून आणणार, पण रस्त्यावर देशी बदामाची झाडं आहेत ना, उन्हाळ्याच्या आधी लाल होऊन गळतात ती मोठी पानं, ती ऐन-हिरड्याच्याच कुळातली. मी गळलेली पानं उकळून टोट बॅग केलीय, नुसत्या तुरटीवर मळकट पिवळी-खाकी, आणि लोखंडात बुडवली की जवळजवळ काळी. फक्त खाडीकडे जाऊन खारफुटीची साल काढायचं कोणाच्या डोक्यात आलं तर नको, 2005 च्या हायकोर्टाच्या ऑर्डरपासून खारफुटी तोडायला बंदी आहे, आणि ती नसती तरी नकोच.

खमंग_थालीपीठ

मी अजूनही म्हणते कांद्याचं साल सगळ्यात सोपं. पण पुढच्या वेळी तुरटी घालून बघेन, एवढं सगळे म्हणताय तर. एक सांगा, धुवायचे कसे हे? माझे कुर्ते मी मशीनला टाकते बिनधास्त.

गोधडीवाली

रिठ्याच्या पाण्यात किंवा साध्या सौम्य लिक्विडमध्ये, हाताने, सावलीत वाळवायचे. डिटर्जंट पावडरीत सोडा असतो आणि चकाकीसाठी ब्राइटनर असतात, पिवळ्याची शेड मशीनमधून वेगळीच होऊन येते. रंगवल्यावर लगेच धुवू पण नका, वाळवून चार-पाच दिवस तसेच घडी करून ठेवा, मग धुवा.

चारकोपची_सई

ठरलं मग. सोळा पिवळ्यांपैकी चार डाळिंबात करून लोखंडातून काढते, बारा झेंडूत, चार मंजिष्ठेत. एकच भीती, नैसर्गिक रंग उन्हात उडतात असं सगळेच म्हणतात, आणि आमची हळद गच्चीवर आहे, दुपारी.

रंगखात्यातला_मास्तर

एका दुपारी काही होत नाही. तरी घाबरट असाल तर आत्ताच तपासा, सोपं आहे. झेंडूत, डाळिंबात, हळदीत रंगवलेल्या तीन चिंध्या एका पुठ्ठ्यावर स्टेपल करा, अर्ध्या भागावर दुसरा पुठ्ठा झाकून बांधा आणि खिडकीत उन्हाला लावा. आठ दिवसांनी झाकण उघडा. लॅबमध्ये आम्ही दिवा लावून निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून बघायचो, 1 ते 8 आकडा असतो, 1 म्हणजे उडालाच, 8 म्हणजे उडत नाही. हळद 1-2 च्या पुढे जात नाही. बाकीच्या दोघी तिच्यापेक्षा बऱ्या निघतील हे मी बघितल्याशिवाय सांगतो, मंजिष्ठा त्याहून बरी. पुढेमागे विकायचे झाले तर घाटकोपरला बीटीआरए किंवा वरळीला सस्मिरा, या कापडाच्या संशोधन संस्था, तिथे रीतसर टेस्ट करून कागद मिळतो.

आणि बाई, हळदीच्या कार्यक्रमात खरी हळद त्या दुपट्ट्यांवर सांडणारच आहे. पिवळ्यावर दिसणार नाही, पण गुलाबीवर आणि मेंदीवर दिसेल. त्या आठ जणींना जरा लांब उभं करा.

चारकोपची_सई

त्या आठ जणींमध्ये आत्या आहे काका. तिला लांब उभं करायची हिंमत आमच्या घरात कोणाची नाही :D

पैठणची_पाहुणी

उशिरा आलेय धाग्यावर. आईची जुनी पांढरी रेशमी साडी आहे, जरीचे काठ, तिला मंजिष्ठा देता येईल का हिरडा-तुरटी करून?

गोधडीवाली

रेशमाला हिरडा लागतच नाही, नुसती तुरटी, किलोला शंभर ग्रॅम, आणि उकळायचं नाही. पण जर आहे ना, तुरटीच्या आंबट पाण्याने जर काळवंडू शकते, आणि काठाचा धागा वेगळा रंग धरतो. काठ सोडवून घेऊन नुसता मधला भाग रंगवून परत लावणारा कारागीर मिळाला तर कर.

रंगखात्यातला_मास्तर

आधी पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा काढून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर रेशीम. गोळी होऊन कडक झाली तर पॉलिस्टर, मग हा सगळा धागा तुमच्यासाठी नाही.